हुमणी नसलेलं लॉन

लॉन हा शब्द कुणी कौतुकानं उच्चारला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गवताशी माझं भांडण नाही. ज्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं, आणि ते येणार म्हटलं की बायका रजा टाकून हंडे-पिंप मांडून बसतात, त्या शहरात बंगल्यांच्या मधोमध मखमली गवत लावायचं, त्याला टँकरनं पाणी पाजायचं आणि वर त्यावर पाय पडला म्हणून पोरांच्या अंगावर ओरडायचं, याची मला चीड आहे. ही चीड माझी मूळची नव्हे. भाड्याच्या घराबरोबर कुणाला पंखे मिळतात, कुणाला गिझर मिळतो. मला आमच्या घरमालकांकडून ही मिळाली.

सगळी कॉलनी त्यांना चाचा म्हणायची. कृषी खात्यात पीक संरक्षणाच्या कामावर त्यांची हयात गेली होती. कन्नड, सिल्लोड, सोयगाव, जिथं बदली होईल तिथली खेडी मोटारसायकलवरून पालथी घालायची, पिकावर कुठली कीड पडली ते बघायचं आणि काय मारायचं ते सांगायचं. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या शहरालगतच्या साताऱ्याच्या डोंगराकडे सरकत चाललेल्या नव्या वस्तीत दुमजली घर बांधलं. खाली चाचा आणि चाची, वर भाडेकरू. मी शाळेत नोकरीला लागले तेव्हा वरचा मजला रिकामा होता.

घर बघायला गेले तर कुठल्या तुम्ही, एकट्याच राहणार का, असलं काही त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते हे.

"झुरळं मारायला काय वापरता, बाई?"

"बाजारात मिळतो तो फवारा."

"त्याच्या मागं काय लिहिलंय?"

"वाचलं नाही कधी."

"मारणाऱ्यानं वाचलं नाही आणि मरणाऱ्याला वाचता येत नाही," चाचा म्हणाले. "मग कंपनी छापते कुणासाठी?"

मला वाटलं, गेलं हे घर. पण त्यांनी किल्ली दिली. सामान आलं त्या दिवशी खिशातलं भिंग काढून ते माझ्या स्वयंपाकघरात ओट्याखाली बसले आणि एकेक डबा, एकेक बाटली डोळ्यांशी धरून वाचू लागले. डासांच्या कॉइलचं खोकं सापडलं. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, बंद खोलीत वापरू नये. "आणि तुम्ही वापरता कुठं? मैदानात?" असं म्हणून ते खोकं त्यांनी खाली नेलं ते नेलंच. दुसऱ्या दिवशी मच्छरदाणी आणून दिली. मी मनात चरफडले. पण झोप चांगली लागली हे कबूल केलं पाहिजे.

वाचण्याचा हा सोस औषधांपुरता नव्हता. बिस्किटाचा पुडा, सिमेंटची गोणी, गॅसच्या टाकीचं कडं, काहीही हातात आलं की भिंग बाहेर यायचं. किराणा दुकानदार त्यांना लांबून बघूनच कपाळाला हात लावायचा. चाची म्हणायच्या, "निकाह के वक्त बी इन्होंने पूरा कागज पढ़ा. काज़ीसाब उठके चले जा रहे थे."

दुसरी खोड तराजूची. कुठलाही प्रश्न आला की चाचा दोन्ही तळहात वर करून पुढे धरायचे. उजव्यात काय, डाव्यात काय, सांगा. मला पुण्याचं एक स्थळ आलं तेव्हा आईनं मला काही विचारलं नाही, पण यांनी जिन्यातच हात पुढे केले. मी उजव्या हातात मुलाची नोकरी ठेवली, डाव्या हातात माझी नोकरी ठेवली, त्याच हातात त्याच्या आईचं बोलणं ठेवलं. चाचा गंभीरपणे उभे. मी विचारलं, मग काय करू? "मी नुसता तराजू," ते म्हणाले, "तोल तुमचा तुम्ही बघा." डावा हात मात्र त्यांनी जरा खाली झुकवलेला मी पाहिला होता.

लोकांना वाटायचं, म्हातारा औषधांच्या विरुद्ध आहे. ते तसे मुळीच नव्हते, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडणं अवघड होतं. शेजारच्यांच्या दाराच्या चौकटींना वाळवी लागली तेव्हा यांनीच हातमोजे चढवून, तोंडाला फडकं बांधून, घरातल्या सगळ्यांना बाहेर काढून औषध भरलं होतं. पण त्याला औषध म्हणायचे नाहीत. जहर म्हणायचे. एकदा मी विचारलं, असं का? तेव्हा त्यांनी सिल्लोडकडची एक गोष्ट सांगितली. एका शेतकऱ्याला त्यांनीच भुईमुगासाठी दाणेदार पूड दिली होती. गड्यानं ती उघड्या हातानं मिसळली आणि त्याच हातानं तंबाखू मळली. चाचांनी त्याला मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. तो वाचला. पण दवाखान्याच्या पायरीवर त्याची बायको म्हणाली, "सायेब, तुमी तर औषध म्हनला व्हता."

"तिचं बरोबर होतं," चाचा म्हणाले. "औषध म्हटल्यावर कोण भितंय?"

आता त्या लॉनकडे येते.

कॉलनीच्या मधोमध महापालिकेनं सोडलेली मोकळी जागा होती. तिथं पूर्वी बाभळी होत्या, पोरं क्रिकेट खेळायची. मग आम्हाला नवे अध्यक्ष मिळाले. वाळूजच्या एका कारखान्यात ते मोठ्या हुद्द्यावर होते आणि कारखान्याच्या दारात जशी हिरवळ होती तशी त्यांना घरच्या दारात हवी होती. बाभळी गेल्या, ट्रकनं तांबडी माती आली, गवताचे चौकोन आले. पोरं रस्त्यावर गेली.

कॉलनीच्या मागच्या भिंतीपलीकडे अजून प्लॉट पडले नव्हते. तिथल्या कडुनिंबाखाली दर उन्हाळ्यात कन्नडच्या घाटाकडून गिरजाबाई मेंढरं घेऊन यायची. नवरा वारलेला, दीर-पुतणे कळप घेऊन पैठणच्या बाजूला खाली उतरायचे आणि ही म्हाताऱ्या, गाभण, लंगड्या मेंढ्या घेऊन इथं महिनाभर थांबायची. आमची कॉलनी जिथं उभी आहे ते सगळं पूर्वी शेत होतं, आणि त्या शेतात तिच्या सासऱ्यापासून मेंढरं बसत आली होती. शेतवाल्याला लेंड्यांचं खत मिळायचं, यांना भाकरीचं धान्य. शेत गेलं, धान्य गेलं, ही येतच राहिली. कॉलनीतल्या बायका नाक मुरडायच्या. चाचा म्हणायचे, "पाहुणी ती नाही, आपण आहोत."

लॉन कापलं की गवत कचऱ्यात जायचं. ते चाचांनी बंद करवलं. आमचा माळी किसन कापलेल्या गवताचे भारे मागच्या भिंतीवरून पलीकडे टाकायचा आणि गिरजाबाई गोळा करायची. डोंगरात कुसळ उरलेलं नसताना हिरवं गवत! पोटातल्या कोकरांसह मेंढ्या त्यावर तग धरायच्या. बदल्यात ती कुजलेल्या लेंड्यांची पाटी चाचांच्या अळूला आणून द्यायची. ताजी कधी आणायची नाही, कारण ताज्या शेणखतात भुंगे अंडी घालतात हे दोघांनाही माहीत होतं.

कापलेलं गवत द्यायला अध्यक्षांची हरकत नव्हती. पण एक बकरी लॉनवर आलेली त्यांना खपत नव्हती. म्हणून त्यांनी लॉनच्या फाटकाशी बोर्ड लावला: विषारी औषध फवारले आहे, जनावरे सोडू नयेत. लाल अक्षरं, खाली कवटी. फवारलेलं काहीच नव्हतं. शेतकरी बांधावर अशा पाट्या लावतात, त्यातलीच ही युक्ती, आणि सगळ्यांना ती फार हुशारीची वाटली.

चाचांनी तो बोर्ड पहिल्यांदा वाचला तेव्हा मी सोबत होते. भिंगाची गरज नव्हती तरी त्यांनी भिंग लावलं. मग थेट अध्यक्षांच्या दारात.

"साहेब, काय फवारलंय?"

"काही नाही हो चाचा. नुसती भीती."

"उतरवा तो. खोट्याला हा बोर्ड वापरलात, तर खऱ्याच्या दिवशी काय लावाल?"

अध्यक्ष हसले. म्हणाले, खऱ्याचा दिवस येणारच नाही. बोर्ड दोन उन्हाळे तिथंच राहिला. त्याच्या खालून किसन गवताचे भारे घेऊन जायचा, आणि गिरजाबाईची मेंढरं ते खाऊन टुणटुणीत राहायची.

मग तो कोरडा उन्हाळा आला. आदल्या पावसाळ्यानं दगा दिला होता. धरणाच्या पोटातली जुनी देवळं वर आली होती, कॉलनीतल्या बोअरवेल एकेक करून भात्यासारख्या फक्त वारा ओकायला लागल्या होत्या, आणि टँकर आला की सभ्य माणसं एकमेकांची बादली पायानं सरकवत होती. अशात लॉन पिवळं पडलं. जागोजाग भाकरीएवढे, मग परातीएवढे चट्टे. जूनच्या सुरुवातीला अध्यक्षांच्या मुलीचा साखरपुडा त्याच लॉनवर व्हायचा होता. लॉन लावून देणारा ठेकेदार आला, त्यानं उभ्या उभ्या बघितलं आणि सांगितलं, हुमणीची अळी लागलीय, दाणेदार औषध टाकावं लागेल.

चाचा खुरपं घेऊन आले. रोजे चालू होते, तोंडात पाण्याचा थेंब नाही. पिवळ्या चट्ट्यात बसून त्यांनी गवताची मूठ धरली आणि ओढली. गवत येईना.

"हुमणी असती तर सतरंजीसारखं हातात आलं असतं. ती मुळं खाते. इथं मुळं शाबूत आहेत. तहान लागलीय याला, दुसरं काही नाही."

मग त्यांनी हातभर चौकोन खणला. त्यात एक गांडूळ निघालं आणि खाली, घट्ट मातीत, एक तपकिरी भुंगा निघाला. झोपलेला.

"बघा, आहे ना?" ठेकेदार म्हणाला.

"हा भुंगा आहे. पहिला पाऊस झाला की वर येईल, संध्याकाळी निंबावर बसेल. तेव्हा फांद्या हलवा, खाली पडतील ते वेचा, रॉकेलच्या पाण्यात टाका. पोरं आनंदानं करतील. अळी होईल जुलैत. तुम्ही मे महिन्यात कुणाला मारताय?"

"भुंगा आहे म्हणजे अळी होणारच," अध्यक्ष म्हणाले. "आधीच टाकून ठेवू. प्रिव्हेंटिव्ह समजा."

चाचांनी दोन्ही हात पुढे केले. मातीनं भरलेले. "कन्नडच्या ऊसवाल्याला मी स्वतः हे टाकायला सांगितलंय. माझ्या सहीनं. त्याच्या उजव्या हातात वर्षाचं पोट होतं, म्हणून डाव्या हातातलं जहर त्यानं सोसलं. तुमच्या उजव्या हातात काय आहे, साहेब? फोटो? आणि डाव्यात पोरं आहेत, साळुंक्या आहेत, हे गांडूळ आहे, खालचं पाणी आहे. सांगा, काय जड?"

अध्यक्ष चिडले. "चाचा, आता जग पुढे गेलंय. मान्यता असल्याशिवाय विकतात का?"

"मान्यता कशाला आहे ते पोत्यावर लिहिलंय. वाचा."

कुणी वाचलं नाही. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं माझी आजी म्हणायची. तहानलेल्या गवताला विष घालायचं ठरलं. आणि गंमत अशी, की ते दाणे मातीत उतरायला वरून भरपूर पाणी सोडावं लागतं. जे पाणी गवताला आधीच दिलं असतं तर गवत हिरवं झालं असतं, तेच पाणी विष विरघळवायला टँकरनं आणलं गेलं. भिंतीपलीकडच्या पत्र्याच्या खोल्यांतल्या बाया कळश्या घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या होत्या. त्यांना वॉचमननं परत पाठवलं. लॉनसाठी आहे म्हणाला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मला अजून ते पचलेलं नाही.

दाणे पडले. सडक्या लसणासारखा वास दिवसभर राहिला. चाचांनी रिकाम्या पोत्यावरची सूचना भिंगातून मोठ्यानं वाचून दाखवली: माणसं आणि जनावरं लांब ठेवावीत, असं असं. म्हणाले, निदान फाटक बंद करा, सूचना लावा.

"सूचना आहे की," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी बोर्डाकडे बोट केलं.

चाचा त्या बोर्डाकडे बघत राहिले. मग ते घरी गेले, प्लास्टिकची खुर्ची आणि एक काठी घेऊन आले आणि लॉनच्या कडेला बसले.

ते तिथं रोज बसले. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन, पोटात अन्न नाही, घशात पाणी नाही, डोक्यावर ओला रुमाल. पोरं आली की काठी आपटायची. साळुंक्या उतरल्या की टाळ्या वाजवायच्या. भटकं कुत्रं आलं की उठून धावायचं. मला सुट्टी होती. नमाजाला ते उठले की मी बसायचे. कॉलनीला ऐन उन्हाळ्यात करमणूक मिळाली. बाल्कनीतून फोटो निघाले. एकजण म्हणाला, "चाचा, पगार किती?" चाचा म्हणाले, "बोर्डाला किती देता? तेवढाच."

शुक्रवार आला. जुम्म्याच्या नमाजाला चाचा जरा लांबच्या मशिदीत जायचे. मी खुर्चीत येऊन बसणार इतक्यात किसन मशीन घेऊन आला. अध्यक्षांनी सांगितलं होतं, म्हातारा नसताना कापून घे, साखरपुड्याआधी एकसारखं दिसलं पाहिजे. मी किसनला म्हटलं, थांब, चाचा येऊ देत. तो म्हणाला, "बाई, माझी नोकरी हाय." पाणी प्यालेलं गवत आता खरोखर हिरवं झालं होतं. त्यानं कापायला सुरुवात केली. मी अध्यक्षांच्या घरी गेले. ते कामावर होते. त्यांच्या बायकोनं फोन लावून दिला तर ते म्हणाले, मॅडम, कापल्यानं काय होतं?

मी परत आले तोवर लॉन नेटकं झालं होतं आणि गवत कुठंच नव्हतं.

"किसन, गवत?"

"पलीकडं टाकलं की. नेहमीसारखं."

आम्ही इतके दिवस मेंढरं आत येऊ नयेत म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. गवत बाहेर जातं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. चाचांच्याही नाही. ही सोय तर त्यांनीच लावून दिलेली.

चाचा गल्लीच्या तोंडाशी दिसले. पांढराशुभ्र कुर्ता, अत्तराचा वास. मी ओरडून सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही. वळले आणि भिंतीला वळसा घालून धावत सुटले. त्या वयाचा माणूस रोज्यात एवढा धावतो हे मी पुन्हा पाहिलं नाही.

गिरजाबाईनं भारे निंबाच्या सावलीत पसरले होते. मेंढरं खालच्या खदानीतल्या डबक्यावर पाण्याला गेली होती आणि आता परत येत होती. लांबवर धूळ दिसत होती. चाचांनी गवत कवळ्यात भरायला सुरुवात केली.

"काय करता चाचा?" ती उठली.

"जहर है. जहर टाकलंय यात. नक्को देऊ. एक काडी नक्को."

"कसलं जहर?"

"लॉनवर टाकलंय. फळी बघ, लिहिलंय."

ती हसली. खरंच हसली. "त्या फळीवर दोन साल झालं इख लिवलंय. दोन साल माझी मेंढरं त्येच गवत खात्यात. म्या अडानी हाय, येडी नाय."

"या खेपेला खरं आहे, गिरजाबाई."

"आन् मागल्या खेपेला खोटं व्हतं व्हय? मंग आता खरं हाय ह्ये म्या कशावरनं धरू?"

चाचा पुन्हा गवत गोळा करू लागले. मी म्हटलं, मावशी, खरं सांगताहेत ते. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. कॉलनीतल्या चपला घातलेल्या बाईवर तिनं का विश्वास ठेवावा?

मेंढरं हिरव्याच्या वासानं पळत सुटली. गिरजाबाईनं चाचांच्या हातातला भारा धरून ओढला. चाचांनी सोडला नाही. ओढाताणीत गवत पसरलं, आणि मेंढरं अंगावर आली तेव्हा चाचा सरळ त्या गवतावर पालथे पडले. पांढऱ्या कुर्त्यानिशी. हात पसरून. मेंढ्या त्यांच्या काखेखाली, मानेशी तोंडं घालत होत्या आणि ते कोपरानं त्यांना ढकलत होते. मी काठी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा मुक्या जनावरांना मारलं. त्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. ते मारताना मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही.

शेवटी गवत एका जुन्या खड्ड्यात गेलं, वर माती गेली. एकाही मेंढीनं त्यातलं खाल्लं नाही. चाचा धापा टाकत बसले. गिरजाबाई उभी होती. रडत नव्हती. ती म्हणाली, "भुकेल्या जित्राबाच्या तोंडचं काडलं तुमी. द्यायचं नव्हतं तर नाय म्हनायचं व्हतं. रोजा धरून लबाड बोलता. तुमचं भलं व्हनार नाय, चाचा."

चाचा एवढंच म्हणाले, "मेंढ्यांना लांब घे. वास जाईपर्यंत इकडं सोडू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते रिक्षात कडबा घालून आले. त्या दुष्काळात कडबा कुठून मिळवला कोण जाणे. निंबाखाली चुलीचे तीन दगड होते आणि लेंड्या होत्या. ती उजाडायच्या आत निघून गेली होती. गाभण मेंढ्या घेऊन, अशा उन्हात, पैठणच्या वाटेनं. चाचांनी कडबा झाडाखाली उतरवला आणि परत आले.

साखरपुडा थाटात झाला. लॉनचं कौतुक झालं. पुढे पाऊस पडल्यावर कॉलनीची सर्वसाधारण सभा झाली तेव्हा अध्यक्ष उभे राहिले. म्हणाले, आपण औषध टाकलं तेव्हा काही लोकांनी फार भीती घातली होती. मी विचारतो, कुणाला काही झालं? एका मुलाला? एका कुत्र्याला? एका मेंढीला? म्हणजे औषध सुरक्षित आहे हे सिद्ध झालं. दर उन्हाळ्यात टाकावं, असा ठराव मांडतो.

टाळ्या पडल्या. मी उठले. मी म्हटलं, काही झालं नाही ते तुमच्या औषधामुळे नाही, एक माणूस उन्हात बसला म्हणून झालं नाही. मेंढ्या मरणार होत्या. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "मॅडम, मेल्या का?"

सगळी सभा माझ्याकडे बघत होती, आणि माझ्याजवळ दाखवायला एक मेलेली मेंढी नव्हती.

तेव्हा चाचा उभे राहिले. लोक सावरून बसले, आता भाषण येणार म्हणून. ते म्हणाले, "टाकायचं तर टाका. एकच मागतो. बोर्डावर तारीख लिहा. टाकलं त्या दिवशी लावा, जहर उतरलं की काढा."

"तारीख लिहिली तर पुढच्या महिन्यात जनावरं आत येतील," अध्यक्ष म्हणाले. "मग बोर्डाचा उपयोग काय?"

ठराव मंजूर झाला. विरोधात दोन हात होते. दोन्ही आमच्याच घरातले.

परत येताना मी रस्ताभर बडबडत होते. अध्यक्षांना बोलले, ठेकेदाराला बोलले, टाळ्या वाजवणाऱ्यांना बोलले. शेवटी चाचांनाच म्हटलं, तुम्हाला राग कसा येत नाही? त्या बाईनं तुम्हाला लबाड म्हटलं. पैठणपर्यंत सगळ्या वाड्या-तांड्यांवर सांगत गेली असेल.

"सांगू दे," चाचा म्हणाले. "आताही कुठंतरी बसून मला शिव्या देत असेल. शिव्या देतेय म्हणजे मेंढ्या जिवंत आहेत, बाई."

चाचांना तेवढं पुरलं. मला अजून पुरत नाही.